ताऱ्यावर तारा बसवताना: आकाशाचे फोटो जुळवणारं सॉफ्टवेअर स्वतः कसं लिहायचं

अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या माळावर आमच्या काकांचं शेत आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मी तिथे कॅमेरा लावतो, कारण साडेआठ-नऊच्या सुमाराला मृग नक्षत्र आकाशात सगळ्यात उंच आलेलं असतं. पहिल्या रात्री काका गव्हाला पाणी द्यायला आले होते. थ्री फेजची पाळी रात्रीची होती. मी मृगाचे फोटो काढतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "अरं, मृग म्हंजी पाऊस. हिवाळ्यात कुठला आला मृग?" मी त्यांना बोटाने बाणाचे तीन तारे दाखवले. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य याच ताऱ्यांपाशी पोचतो, म्हणून त्या दिवसांत मृग लागतो पण दिसत नाही, हेही सांगितलं. मग स्टार्टरच्या पेटीवरचा बल्ब त्यांनी स्वतःहून पोत्याने झाकला.

त्या रात्री एका सेकंदाचे ४०० फोटो काढले. ते एकावर एक बसवायला तयार सॉफ्टवेअर आहेत, डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही चांगले आहेत. तरीही जुळणीचा प्रोग्रॅम एकदा स्वतः लिहावा असं माझं ठाम मत आहे. तयार सॉफ्टवेअरमधून तारे पुसट आले की माणूस लेन्सला दोष देतो, हवेला दोष देतो. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली, हे ती पायरी स्वतः बांधली असेल तरच ओळखता येतं. पायथॉन जुजबी येत असेल आणि बारावीचं गणित आठवत असेल, तर तीन-चार रविवारांत हे काम होतं.

आधी हिशोब, मग कोड

पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५.०४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. आपल्या एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात हे काढायचं सूत्र सोपं आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा, लेन्सच्या मिलिमीटरने भागा. माझ्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा आहे. १३५ मिमी लेन्सवर एक पिक्सेल ५.६८ विकलांचा होतो. म्हणजे ट्रायपॉड स्थिर असेल तर एका सेकंदात मृगातला तारा सुमारे २.६ पिक्सेल सरकतो आणि किंचित लांबट दिसतो. ५० मिमीच्या लेन्सवर हेच सरकणं जेमतेम एक पिक्सेल भरतं.

एका फोटोतलं लांबटपण जुळणीने जात नाही. ते नको असेल तर लेन्स लहान घ्या, वेळ कमी करा, नाहीतर बिजागरीच्या दोन फळ्यांचा ट्रॅकर बनवा. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १ मिमी पिचचा एम-६ आट्यांचा गज चालतो. तो बिजागरीच्या आसापासून २२८.६ मिमीवर बसवून मिनिटाला एक फेरा दिला की फळी आकाशाच्या वेगाने उघडते. बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे हवा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो, त्यामुळे फळी बरीच आडवी ठेवावी लागते.

आता सगळ्या ४०० फोटोंचं बघू. दोन फोटोंमध्ये एक सेकंदाची सवड धरली तर ८०० सेकंद होतात. तेवढ्या वेळात मृग २१०० पिक्सेलच्या आसपास सरकला. शिवाय चौकट थोडी फिरलीही. अंश पाहिला तर सुमारे ०.३, पण चौकटीच्या मध्यापासून ३००० पिक्सेल लांबच्या ताऱ्यासाठी तोच १६ पिक्सेलांचा फरक होतो. नुसतं डावी-उजवीकडे सरकवून जुळवलं तर मध्ये तारे टोकदार आणि कोपऱ्यांत वाटोळ्या रेघा येतात, त्याचं कारण हे.

इतका खटाटोप कशासाठी, तर आवाज (नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे) कमी करण्यासाठी. फोटोतला स्वैर आवाज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. ४०० फोटो नीट बसले तर तो वीसपट खाली येतो आणि मृगातला तेजोमेघ दाण्यांतून बाहेर निघतो.

पायरी पहिली: रॉ फाइल, काहीही न सुधारलेली

जेपेग घेऊ नका. कॅमेरा त्यात शार्पनिंग आणि गॅमा घुसवतो, मग ताऱ्याच्या प्रकाशाची बेरीज-वजाबाकी खरी राहत नाही. रॉपाय लायब्ररीने सेन्सरचे कच्चे आकडे वाचा, काळी पातळी (उजेड नसतानाही सेन्सर देतो तो आकडा) वजा करा आणि सगळं ३२ बिटच्या दशांशात ठेवा.

लेन्सला झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे आणि तेवढ्याच आयएसओचे २०-३० डार्क फोटो त्याच थंडीत काढा. प्रत्येक पिक्सेलचा मध्यक घेऊन त्यांचा एक मुख्य डार्क बनवा आणि तो प्रत्येक फोटोतून वजा करा. फ्लॅट म्हणजे कडांचा काळोख आणि धुळीचे डाग काढण्यासाठीचा कोऱ्या उजेडाचा फोटो. त्यासाठी पहाटे लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून आकाशाकडे रोखलं की पुरे.

डार्क टाळावा असं मलाही वाटलं होतं. पहिल्या वेळी मी तो टाळला. प्रोग्रॅम चालवला तर उत्तर आलं की ४०० फोटो एकमेकांवर तंतोतंत बसले आहेत, सरकणं शून्य आणि चूकही शून्य. चित्र उघडलं तर मृगाचा प्रत्येक तारा लांबलचक रेघ झालेला. दोन रात्री मी गणित तपासत बसलो. शेवटी एका फोटोचा कोपरा ८०० टक्के मोठा करून पाहिला. तिथे एक लालभडक ठिपका होता, अगदी एका पिक्सेलएवढा, कडा चाकूने कापल्यासारख्या. पुढच्या फोटोत तो त्याच जागी, शेवटच्या फोटोतही त्याच जागी. तो सेन्सरचा तापलेला पिक्सेल होता. असे शेकडो ठिपके माझ्या प्रोग्रॅमने तारे समजून जुळवले होते, आणि ते सेन्सरवर कधीच हलत नसल्यामुळे जुळणी बिनचूक दिसत होती. तेव्हापासून चूक शून्य आली की मी आधी डार्क तपासतो.

पायरी दुसरी: तारे शोधणं

तारे शोधायला रंगीत चित्राची गरज नाही. सेन्सरवर लाल, हिरवे, हिरवे, निळे असे चार पिक्सेलांचे गट असतात. प्रत्येक गटाची सरासरी काढून अर्ध्या आकाराचं राखाडी चित्र तयार करा. त्यात फार लोकांची फसगत होते ती इथे: अर्ध्या चित्रातला क्रमांक क पूर्ण चित्रात २क नसतो, २क + ०.५ असतो, कारण तो गट २क आणि २क + १ या दोन पिक्सेलांच्या मधोमध येतो. आंतरपाट धरल्यासारखा हा अर्धा पिक्सेल सगळीकडे सारखा असेल तर लपून राहतो. पण चित्र फिरवताना किंवा उलटं करताना तो बाहेर येतो.

पार्श्वभूमीसाठी चित्राचे ६४ × ६४ चे चौकोन पाडा आणि प्रत्येकाचा मध्यक घ्या. सरासरी नको, एखादा ठळक ताराही तिला वर ओढतो. मध्यकांमधून गुळगुळीत पृष्ठभाग काढून वजा करा. साखर कारखान्याच्या दिव्यांची क्षितिजाकडची लाली याच पायरीत निघून जाते. आवाजाचं माप काढायला प्रत्येक पिक्सेल मध्यकापासून किती लांब आहे ते पाहा, त्या अंतरांचा मध्यक घ्या आणि १.४८२६ ने गुणा. त्याच्या पाचपट वरचे पिक्सेल उचलून एकमेकांना चिकटलेल्यांचे पुंजके करा.

आता चाळण. तीनपेक्षा कमी पिक्सेलांचा पुंजका टाका, तो बहुधा तापलेला पिक्सेल असतो. मधला पिक्सेल पूर्ण भरलेला असेल तोही टाका, कारण माथा सपाट झालेल्या ताऱ्याचं केंद्र विश्वासाचं नसतं. लांबट पुंजके टाकताना ठराविक आकडा लावू नका. ट्रायपॉडवरच्या फोटोत सगळेच तारे थोडे लांबट असतात, म्हणून त्याच फोटोतल्या ताऱ्यांच्या मध्यकाशी तुलना करा आणि जे फारच वेगळे तेवढेच काढा. विमानाचा तुकडा किंवा उपग्रहाची रेघ त्यात सापडते.

पायरी तिसरी: केंद्र

पूर्ण लेखात मला सगळ्यात जिव्हाळ्याची पायरी हीच आहे. शेवटच्या चित्राची धार इथे ठरते.

ताऱ्याचा सगळ्यात उजळ पिक्सेल म्हणजे केंद्र, असं धरलं तर चूक अर्ध्या पिक्सेलपर्यंत जाते. त्याऐवजी उजेडाचं वजन देऊन सरासरी काढा. एकाच ओळीचं उदाहरण घेऊ. पार्श्वभूमी वजा केल्यावर शून्य ते चार या पाच जागांवर २०, ९०, १२०, ६०, १० असा उजेड आहे. बेरीज ३००. प्रत्येक जागा तिथल्या उजेडाने गुणून बेरीज केली तर ५५०. भागाकार १.८३, हे केंद्र.

आता समजा पार्श्वभूमी वजा करायची राहिली आणि प्रत्येक ठिकाणी १०० जास्त आहेत. आकडे झाले १२०, १९०, २२०, १६०, ११०. बेरीज ८००, गुणाकारांची बेरीज १५५०, उत्तर १.९४. तारा तोच, जागा तीच, पण केंद्र या पाच जागांच्या मध्याकडे पिक्सेलच्या दहाव्या भागाने ओढलं गेलं. चंद्र उगवत असताना पार्श्वभूमी दर मिनिटाला वाढते, तेव्हा हे ओढणंही फोटोगणिक बदलतं. म्हणून वजाबाकी मोठ्या चौकोनांवर विसंबून सोडू नका. प्रत्येक ताऱ्याभोवती एक कडं घ्या, त्या कड्याचा मध्यक काढा आणि केंद्र काढण्यापूर्वी तेवढा पुन्हा वजा करा. मग ताऱ्याभोवतीची छोटी चौकट नव्या केंद्रावर सरकवून हिशोब आणखी दोनदा करा. ठळक ताऱ्यांचं केंद्र पिक्सेलच्या दहाव्या भागाच्या आत सहज येतं.

याच वेळी प्रत्येक ताऱ्याची अर्ध्या उंचीवरची रुंदीही (उजेड माथ्याच्या निम्मा होतो तिथली) लिहून ठेवा. कुठला फोटो वाऱ्याने हलला, कुठल्या वेळी लेन्सवर दव बसलं, हे पुढे या रुंदीवरून कळेल.

पायरी चौथी: कुठला तारा कुठला

प्रत्येक फोटोत आता ताऱ्यांची यादी आहे, पण पहिल्या यादीतला सातवा तारा दुसऱ्या यादीत कितवा, हे माहीत नाही. आपण मृग कसा ओळखतो ते आठवा. संध्याकाळी पूर्वेला तो आडवा असतो, मध्यरात्रीनंतर पश्चिमेला वेगळाच कललेला. तरी बाणाचे तीन तारे, चार पाय आणि खाली व्याध दिसला की ओळख पटते, कारण ताऱ्यांमधल्या अंतरांचं प्रमाण बदलत नाही.

प्रोग्रॅमलाही हेच शिकवायचं. तीन ताऱ्यांचा त्रिकोण घ्या आणि दोन लहान बाजूंना मोठ्या बाजूने भागा. बाजू ३००, २४०, १५० असतील तर प्रमाण ०.८ आणि ०.५. चित्र सरकलं, फिरलं, लहान-मोठं झालं तरी हे दोन आकडे तेच राहतात. खगोलशास्त्रात ताऱ्यांच्या याद्या जुळवायची ही त्रिकोणांची पद्धत ग्रॉथ यांनी १९८६ साली मांडली, आणि आजही अनेक प्रोग्रॅम तिच्याच फरकांवर चालतात.

सगळ्यात ठळक ३० तारे घेतले तर ४०६० त्रिकोण होतात. हे संगणकाला काहीच नाही. दोन्ही फोटोंच्या त्रिकोणांची प्रमाणं सायपायच्या केडी-ट्रीत (जवळचे आकडे झटकन शोधणाऱ्या रचनेत) टाका, जवळच्या जोड्या शोधा, आणि प्रत्येक जोडीने आपल्या तीन ताऱ्यांना एकेक मत द्यावं. खऱ्या जोड्यांना ढिगाने मतं पडतात, चुकीच्यांना एखाद-दुसरं. दोन गोष्टी सांभाळा. जवळजवळ समभुज किंवा समद्विभुज त्रिकोण गाळा, त्यांत कुठला कोपरा कुठला याचा घोळ होतो. आणि त्रिकोण घड्याळाच्या दिशेने आहे की उलट, हे तपासून फक्त सारख्या दिशेचे जुळवा. फोटो आरशातला नसतो, त्यामुळे निम्म्या खोट्या जोड्या तिथेच गळतात.

पायरी पाचवी: आठ आकडे

पहिला अंदाज साध्या सूत्राने घ्या:

नवा क्ष = अ × क्ष − ब × य + प
नवा य = ब × क्ष + अ × य + फ

यात सरकणं, फिरणं आणि थोडं लहान-मोठं होणं येतं. चुकीच्या जोड्या अजूनही असतात, म्हणून रॅन्सॅक वापरा. दोन जोड्या अचानक उचला, सूत्र सोडवा, बाकीच्या किती जोड्या दोन पिक्सेलांच्या आत बसतात ते मोजा, आणि असं काही शे वेळा करून सगळ्यात जास्त जोड्या बसवणारं सूत्र ठेवा. फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ साली सुचवलेली ही युक्ती आहे.

ट्रॅकरवरच्या फोटोंना एवढं पुरतं. स्थिर ट्रायपॉडवर पुरत नाही, आणि मी इथे एक आख्खा महिना घालवला. सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरतं आणि लेन्स त्याला सपाट चौकटीवर पाडते. त्यामुळे चौकटीच्या कडेला ताऱ्यांमधली अंतरं किंचित ताणली जातात. मध्ये असलेला तारा दहा मिनिटांत कडेकडे सरकला की तोच त्रिकोण थोडा मोठा दिसतो. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्ससाठी या बदलाचं नेमकं रूप म्हणजे होमोग्राफी, तिला चार ऐवजी आठ आकडे लागतात. रॅन्सॅकने चाळलेल्या जोड्या ओपनसीव्हीच्या होमोग्राफी शोधणाऱ्या फंक्शनला द्या. पहिल्या अंदाजावरून आता फिके तारेही सापडतात, म्हणून ३० वर न थांबता १००-१५० जोड्या घेऊन पुन्हा सोडवा.

संदर्भ फोटो मधला निवडा. पहिला घेतला तर शेवटचा २१०० पिक्सेल लांब पडतो, मधला घेतला तर दोन्ही टोकं त्याच्या निम्म्या अंतरावर राहतात. आणि दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर अशी साखळी करू नका. प्रत्येक कडीची बारीक चूक पुढे साठत जाते. प्रत्येक फोटो थेट संदर्भावर बसवा.

मग चूक मोजा. जुळवल्यावर प्रत्येक तारा आपल्या जोडीदारापासून किती लांब उरला, त्याचा वर्ग, सरासरी, वर्गमूळ. ०.२ ते ०.३ पिक्सेल आली तर काम उत्तम, अर्ध्याच्या वर गेली तर त्या फोटोकडे बघा. एकट्या आकड्यावर समाधान मानू नका. उरलेल्या चुका चौकटीवर बाणांनी काढून पाहा. बाण वेडेवाकडे असतील तर तो केवळ मोजणीचा आवाज आहे. सगळे कोपऱ्यांतून बाहेर रोखलेले असतील तर लेन्सची वक्रता उरली आहे. सगळे गोल फिरताना दिसले तर सूत्रात फिरणं राहिलं आहे.

पायरी सहावी: एकदाच हलवा

चित्र नव्या जागी बसवताना उलटं चाला: नव्या चौकटीतला प्रत्येक पिक्सेल जुन्या फोटोत कुठून येतो ते काढा. ती जागा दोन पिक्सेलांच्या मध्ये पडते, म्हणून मधला आकडा भरावा लागतो. सरळ सरासरीने भरलं तर ०, १००, ० असे तीन शेजारी अर्ध्या पिक्सेलच्या सरकण्यात ५०, ५० होतात. एवढ्या मेहनतीने शोधलेली धार तिथेच गेली. लान्झोस पद्धत धार बरीच राखते, पण ठळक ताऱ्यांभोवती काळी कडी पाडते. त्यावर उपाय म्हणून मिळालेला आकडा जुन्या शेजाऱ्यांच्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांच्या आतच धरा.

आधी सरकवा, मग फिरवा, मग लेन्सची वक्रता काढा, असं तीनदा करू नका. सगळी सूत्रं आधी एकमेकांत गुणून एक करा आणि फोटो एकदाच हलवा. रंग भरण्याचं काम म्हणजे डीबायरिंग त्याच्या आधी उरका.

पायरी सातवी: रास

६००० × ४००० चा रंगीत फोटो ३२ बिटमध्ये २८८ एमबी होतो. ४०० फोटोंचे ११५ जीबी. घरच्या लॅपटॉपच्या रॅममध्ये हे बसणार नाही. जुळवलेले फोटो डिस्कवर ठेवा आणि नमपायच्या मेममॅपने शंभर-शंभर ओळींचे पट्टे वाचा. एका पट्ट्याला तीन जीबीपेक्षा थोडी कमी रॅम लागते.

प्रत्येक पिक्सेलच्या ४०० आकड्यांचा मध्यक आणि पसारा काढा, पसाऱ्याच्या तीनपट लांबचे आकडे टाका, उरलेल्यांची सरासरी घ्या. दोन फेऱ्या पुरतात. विमान, उपग्रह आणि डार्कमधून निसटलेले तापलेले पिक्सेल यात जातात. तारे जागेवर बसवले की हे पिक्सेल उलट चित्रभर रेघा ओढत जातात, म्हणून ही चाळण टाळू नका. तिसऱ्या पायरीत लिहिलेल्या रुंदीवरून सगळ्यात पुसट दहा टक्के फोटो आधीच बाजूला काढा.

पायरी आठवी: खोटं आकाश

प्रोग्रॅमवर विश्वास ठेवण्याआधी त्याला असं काम द्या ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. रिकाम्या चित्रात दोनशे गोल तारे काढा, आवाज मिसळा. तेच तारे ३.३७ पिक्सेल सरकवून आणि ०.२ अंश फिरवून दुसरं चित्र बनवा. हलवताना चित्र नको, ताऱ्यांचे आकडे बदलून नव्याने काढा. प्रोग्रॅमने ३.३७ आणि ०.२ परत दिले पाहिजेत. उत्तर नेमकं अर्ध्या पिक्सेलने चुकलं तर दुसऱ्या पायरीतलं २क + ०.५ पुन्हा वाचा. खऱ्या फोटोंसाठी शेवटची कसोटी रुंदीची: रचलेल्या चित्रातल्या ताऱ्यांची रुंदी एकट्या फोटोंच्या मध्यकापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढू नये. चौकटीचा मध्य आणि चारही कोपरे वेगवेगळे मोजा.

दक्षिणेकडे वळताना

मराठवाड्याला दक्षिणेचं आकाश उत्तर भारतापेक्षा चांगलं लाभलं आहे. एप्रिलच्या मध्यावर, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे २४ अंशांपर्यंत वर येतो. तेवढ्या खाली हवा ताऱ्याला सुमारे १३० विकला उचलून दाखवते, आणि सहा अंशांच्या चौकटीत वरच्या व खालच्या कडेत या उचलण्यात ३५-४० विकलांचा फरक पडतो. म्हणजे माझ्या लेन्सवर सहा-सात पिक्सेल, आणि तारे उतरत जातील तसा तो बदलतो. होमोग्राफीत हे सगळं मावत नाही. बाणांच्या नकाशात खालच्या कडेचे बाण उभे आणि एकाच दिशेचे दिसले, तर उरलेल्या चुकांवर क्ष आणि य यांचे वर्ग आणि गुणाकार घेऊन आणखी एक द्विघाती सूत्र बसवा. त्याला किमान पन्नासेक जोड्या द्या, आणि त्या चौकटीभर पसरलेल्या असू द्या. नुसत्या गुच्छाच्या गर्दीतून घेतल्या तर कडेचे आकडे भरकटतात.